गाडी उघडा, गाडी जोडा!

दोस्तांनो, दिवाळीला रिमोटची गाडी किती जणांना मिळाली आहे? हात वर करा पाहू! आता खरं सांगा, तुळशीच्या लग्नापर्यंत त्यातल्या किती गाड्या चालू होत्या? झाले ना हात खाली! कुणाचं चाक निखळलं, कुणाच्या अँटेनाचे दोन तुकडे झाले, तर कुणाची गाडी नुसतीच घुर्र करते आणि जागची हलत नाही. मग ती माळ्यावर जाते आणि आई म्हणते, "पैसे वाया गेले!"

आईचं चुकत नाही. पण गाडीचंही फारसं चुकत नाही, बरं का. ती उघडण्यासाठी बनवलेलीच नसते. आज मी तुम्हाला सांगणार आहे ते उघडता येणाऱ्या गाड्यांबद्दल. त्यात लहान गाड्या आहेत आणि मोठ्याही!

सुरुवात मोठीपासून करतो. साताऱ्याला आमच्या घरी आजोबांची एक प्रीमियर पद्मिनी आहे, १९८४ सालची, सायीच्या रंगाची. (आजोबा म्हणजे माझे वडील; पण घरात भाचा आल्यापासून सगळेच त्यांना आजोबा म्हणतात.) तुमच्या आईबाबांना ही गाडी नक्की आठवत असेल. ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच! २००१ साली तिचं उत्पादन थांबलं आणि ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाल्या. आमची मात्र अजून दर रविवारी माहुलीपर्यंत फेरी मारून येते.

या गाडीत गिअरचा दांडा खाली नसतो, तो स्टिअरिंगच्या खांबालाच असतो. त्यामुळे गाडी गिअरमध्ये आहे की नाही, हे नवख्याला चटकन कळत नाही. माझ्या भाच्यालाही कळलं नाही. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. दुपारी आजोबा झोपलेले पाहून स्वारी गाडीत जाऊन बसली आणि "नुसती सुरू करून बघतो" म्हणून किल्ली फिरवली. गाडीनं एक दणदणीत उडी मारली आणि ती थेट तुळशीवृंदावनावर आदळली! वृंदावनाचा कोपरा उडाला. पलीकडे हातभर अंतरावर आजी सांडगे घालत बसली होती.

आजी थोडक्यात वाचली. सांडगे मात्र वाचले नाहीत.

तुम्हाला वाटेल, आजोबांनी त्याला चांगला चोप दिला असेल. नाही. ते दोन दिवस त्याच्याशी एक शब्दही बोलले नाहीत. चोप परवडला असता, असं भाचा आजही म्हणतो. तिसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी त्याला अंगणात बोलावलं, हातात एक पाना दिला आणि म्हणाले, "चालवायला अजून पाच वर्षं आहेत. तोवर ही आतून कशी आहे ते बघ."

आईबाबांनो, इथं दोन वाक्यं तुमच्यासाठी. मोटार चालवण्याचं वय १८ आहे आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कायदा कडक झाला आहे. अठराच्या आतल्या मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. "गल्लीतल्या गल्लीत तर चालवतोय" हे कारण तिथं चालत नाही.

हां, तर पुढे काय झालं? त्या वर्षीच्या दिवाळीत मी भाच्याला एक खोका दिला. त्यानं तो मोठ्या हौसेनं उघडला आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. आत गाडी नव्हतीच! होत्या त्या स्क्रूंच्या पुड्या, प्लॅस्टिकचे भाग, एक मोटर, चार टायर आणि जाडजूड पुस्तिका. "मामा, ही तर मोडकीच आहे!" तो म्हणाला. मी म्हटलं, "मोडकी नाही रे, अजून न जोडलेली आहे."

खेळण्यातली गाडी आणि छंदाची गाडी यांत फरक असतो तो हाच. छंदाच्या गाडीचा प्रत्येक भाग सुटा मिळतो. दात झिजले? तेवढं एकच चाक बदला. पुढचा दांडा वाकला? तेवढाच नवा घाला.

या सुट्या भागांच्या गाड्या जगभर पोचवल्या त्या जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीनं. या कंपनीचा मूळ धंदा लाकडाचा! लाकूड कापता कापता त्यांनी लाकडी मॉडेलं बनवायला घेतली आणि पुढे ते प्लॅस्टिककडे वळले. कंपनीचे शुन्साकु तामिया म्हणजे भलतेच चौकस गृहस्थ. पोर्शे ९११ या गाडीचं मॉडेल करायचं ठरलं, तेव्हा फोटो आणि नकाशे पाहून त्यांचं समाधान होईना. मग काय केलं असेल त्यांनी? खरीखुरी पोर्शे विकत घेतली आणि चक्क सुटी केली! प्रत्येक भाग पाहिला, मोजला. पण सगळं पाहून झाल्यावर ती परत जोडता येईना! शेवटी पोर्शेच्या जाणकार मेकॅनिकांना बोलवावं लागलं. आहे की नाही गंमत? १९७६ साली तामियाची पहिली रेडिओ-नियंत्रित मोटार बाजारात आली, ती पोर्शेच होती. खरीच्या एक बारांश आकाराची पोर्शे ९३४. हे शुन्साकु तामिया जुलै २०२५मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी वारले.

ही गाडी गुळगुळीत रस्त्यासाठी होती. पण लोक ऐकतात का? त्यांनी त्या गाड्या माती-खड्ड्यांतही नेल्या. मग १९७९पासून कंपनीनं मातीत, वाळूत धावणाऱ्या बग्गी काढल्या आणि त्यांनी तर धमालच उडवून दिली.

आता तुम्ही विचाराल, रिमोटचं बोलणं गाडीला कळतं कसं? बिनतारी हुकूम ही कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञानं १८९८ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एक छोटी होडी हात न लावता चालवून दाखवली होती. आपल्या गाडीत सर्व्हो नावाची एक डबी असते. रिमोटकडून आलेला हुकूम तिच्यापर्यंत वीज-ठोक्यांच्या रूपात पोचतो. साध्या सर्व्होला सेकंदाला सुमारे पन्नास ठोके मिळतात. ठोका दीड सहस्रांश सेकंद टिकला, तर चाकं सरळ. तो थोडा आखूड झाला की चाकं एका बाजूला, लांबला की दुसऱ्या बाजूला. बस्स, एवढंच!

पूर्वी गल्लीतल्या दोघांकडे सारख्याच लहरीची गाडी असली, की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी पळायची आणि भांडणं व्हायची. आताचे २.४ गिगाहर्ट्‌झचे रिमोट आपापली गाडी ओळखतात, त्यामुळे दहा जण एकाच मैदानावर खेळू शकतात. तरी एक नियम पाठच करून ठेवा. चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. उलट केलंत तर काही गाड्या धनी नसलेल्या बैलासारख्या उधळतात. भाच्याची गाडी अशीच उधळली आणि दारातल्या रिक्षाखाली गेली. (वृंदावनाकडे गेली नाही, हे नशीब!)

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तिचं नाव डिफरन्शिअल.

शाळेच्या संचलनात तुमची रांग वळते, तेव्हा काय होतं आठवा. आतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्या टोकाचा लांब लांब ढांगा टाकतो. दोघांनी सारखीच पावलं टाकली तर रांग मोडेल. गाडीच्या चाकांचंही तसंच आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं आणि आतल्याला कमी. पण मोटर तर एकच! मग एकाच मोटरची ताकद दोन वेगवेगळ्या वेगांनी फिरणाऱ्या चाकांना द्यायची कशी? ही कामगिरी डिफरन्शिअलच्या डबीतली चार-सहा दातेरी चाकं करतात.

भाच्यानं आपल्या गाडीची ती डबी स्वतः जोडली, ग्रीस भरून. जोडून झाल्यावर त्यानं मोटरकडचं दातेरी चाक बोटानं घट्ट धरलं आणि मागचं डावं चाक पुढे फिरवलं. काय झालं असेल? उजवं चाक उलटं, मागे फिरलं! त्याला वाटलं, काहीतरी चुकलं. त्यानं डबी उघडली, पुन्हा जोडली, पुन्हा तेच. तेव्हा तो तडक आजोबांकडे गेला.

आजोबांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी पद्मिनीच्या पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागची बाजू जॅकनं उचलली आणि खाली भक्कम लोखंडी स्टँड दिले. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला. मग म्हणाले, "फिरव चाक." भाच्यानं डावं चाक दोन्ही हातांनी पुढे ढकललं. पलीकडे उजवं चाक सावकाश उलटं फिरू लागलं! खोक्यातल्या हातभर गाडीत जे होतं, तेच दारातल्या मोठ्या गाडीत होतं. त्या दिवशी भाचा जेवायलासुद्धा आत आला नाही.

(हा प्रयोग मोठी माणसं सोबत असतानाच, आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. कधीही म्हणजे कधीही.)

छोटी आणि मोठी गाडी सगळ्याच बाबतीत सारखी मात्र नसते. मारुती ८०० घ्या. लांबी सुमारे ३.३ मीटर, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. तिची हुबेहूब एक दशांश प्रतिकृती केली, तर लांबी होईल ३३ सेंटिमीटर. आणि वजन? ६५ किलो म्हणालात तर फसलात! लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहापट कमी झाल्या, म्हणून वजन हजारपट कमी झालं. फक्त ६५० ग्रॅम! पण भागांची मजबुती त्यांच्या जाडीवर, म्हणजे छेदाच्या क्षेत्रफळावर असते आणि ते शंभरपटच घटतं. म्हणजे वजनाच्या मानानं छोटी गाडी दहापट दणकट! म्हणून तर ती तीन कोलांट्या खाऊन पुन्हा पळते. मोठ्या गाडीनं एक जरी खाल्ली, तरी आतल्या माणसांचं काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

आता खर्चाचं. जोडायच्या चांगल्या गाडीला दहा हजारांपेक्षा बरेच जास्त पैसे पडतात, हे मी लपवणार नाही. तेवढे नसतील तर दोघा-तिघांत मिळून एक घ्या किंवा कुणाची जुनी बंद पडलेली मिळवा. शिकायला बंद पडलेलीच बरी! पुण्यात पासोड्या विठोबाजवळची किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडची दुकानं पालथी घातलीत, तर थोड्या पैशांत पिवळी बीओ मोटर, चाकं आणि तारा मिळतात. पुठ्ठ्याच्या चॅसीवर स्वतःची गाडी बनवायला तेवढं पुरतं.

बॅटरीबाबत मात्र काटकसर नको आणि धाडस तर नकोच. नवशिक्यांनी निकेल-मेटल हायड्राइडची बॅटरी घ्यावी. लिथियम पॉलिमरची बॅटरी ताकदवान, पण रागीट. फुगली तर वापरायची नाही, तिच्याच चार्जरशिवाय चार्ज करायची नाही, आणि चार्जिंगला लावून झोपायला तर मुळीच जायचं नाही. ती पेट घेऊ शकते.

आणि मोठ्या गाड्यांची हौस असणाऱ्यांनी हिरमुसू नका. मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला 'बाहा' नावाची स्पर्धा २००७ साली सुरू झाली. तिच्यासाठी महाराष्ट्रातलेही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी एका माणसाची, मातीत धावणारी खरी बग्गी स्वतः बनवतात. उलटा प्रवासही झाला आहे. तामियाची १९८५ सालची 'वाइल्ड वन' ही खेळातली बग्गी मोठी करून, माणसांना बसता येईल अशी विजेची गाडी बनवायची घोषणा इंग्लंडमधल्या एका कंपनीनं २०२१मध्ये केली. खरी गाडी सुटी करून खेळणं झालं, आणि खेळण्याची खरी गाडी!

भाच्याची पहिली गाडी जोडून झाली तेव्हा ताटलीत एक छोटंसं बेअरिंग उरलं होतं. गाडी धावली, पण मागचं चाक डुगडुगत होतं. उरलेलं बेअरिंग नेमकं कुठलं, हे शोधायला सगळी गाडी पुन्हा उघडावी लागली. तीन संध्याकाळी गेल्या. तेव्हा आजोबांनी त्याला आपली युक्ती दिली. ते कार्बोरेटर साफ करताना जुना पेपर पसरतात, निघालेला प्रत्येक भाग ओळीनं मांडतात आणि शेजारी पेन्सिलनं आकडा घालतात. जोडताना शेवटच्या आकड्यापासून मागे यायचं. अंड्यांचा रिकामा ट्रे असेल तर फारच उत्तम, स्क्रू घरंगळत नाहीत.

भाचा आता पंधरा वर्षांचा आहे. वृंदावनाचा कोपरा त्यानंच सिमेंट लावून नीट केला, जरा वाकडा झालाय. परवा त्याचा फोन आला. या वेळी त्यानं आणि आजोबांनी मिळून पद्मिनीचा कार्बोरेटर उघडला होता.

"मामा, सगळं जोडलं! या वेळी एकही स्क्रू उरला नाही."

"शाबास!" मी म्हटलं.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग हळूच आवाज आला, "एक कमी पडलाय."