उघड्या खाणीतील शॉव्हेल व डंपर यांचा मेळ

उघड्या खाणीत खनिजावरील दगडमातीचे आच्छादन दूर करणे आणि खनिज बाहेर नेणे ही दोन्ही कामे बहुधा भरणारे यंत्र व वाहून नेणारी वाहने यांच्या जोडीने होतात. चंद्रपूर जिल्ह्यातील वर्धा खोऱ्याच्या उघड्या कोळसा-खाणींत शॉव्हेल व डंपर ही जोडी परिचित आहे. या यंत्रसमूहास ‘ताफा’ म्हणतात. हा शब्द अनेक वाहनांचा वाचक असूनही एकवचनी आहे, आणि हिशेबातही ताफा हा एकच घटक मानावा लागतो. शॉव्हेल उत्तम व डंपर उत्तम, म्हणून ताफाही उत्तम, हे अनुमान बरोबर नाही.

पहिला प्रश्न आकारमानाचा. शॉव्हेलच्या बकेटची क्षमता १० घनमीटर व डंपरची १०० टन आहे असे उदाहरणादाखल मानू. फोडलेल्या दगडाचे वजन दर घनमीटरास १.७ टन आणि बकेट नऊ-दशांश भरते असे धरल्यास एका बकेटीत सुमारे १५.३ टन माल येतो. सहा बकेटांत ९२ टन भरतात, सातांत १०७. सहावर थांबल्यास प्रत्येक खेपेस आठ टन क्षमता वाया जाते. सातवी टाकल्यास टायर, ब्रेक व सांगाडा यांवर जादा भार पडतो. क्षमतेचे आकडे नीटनेटके दिसले तरी त्यांचा भागाकार पूर्णांकी येईलच असे नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने येथे सहा बकेटा स्वीकारणे योग्य.

दुसरा प्रश्न संख्येचा. दर बकेटीस अर्धे मिनिट आणि डंपर जागेवर लावण्यास अर्धे मिनिट धरल्यास भरणीस ३.५ मिनिटे लागतात. भरलेला डंपर चढ चढून जाण्यास १० मिनिटे, माल ओतण्यास १.५ व रिकामा परतण्यास ६ मिनिटे लागत असतील, तर पूर्ण फेरी २१ मिनिटांची होते. डंपरांची संख्या गुणिले भरणीचा काळ, यास शॉव्हेलांची संख्या गुणिले फेरीचा काळ याने भागले असता जो अंक येतो त्यास जुळणी-गुणक म्हणता येईल. मॉर्गन व पीटरसन यांनी १९६८ साली मांडलेली ही कल्पना आजही उपयोगात आहे. प्रस्तुत उदाहरणात एका शॉव्हेलमागे सहा डंपर ठेवल्यास गुणक बरोबर १ येतो. गुणक १ हून कमी असल्यास शॉव्हेल डंपरांची वाट पाहते. अधिक असल्यास डंपर रांगेत उभे राहतात.

परंतु हा मेळ कोरड्या रस्त्यावरचा आहे. भारतातील कोळसा-खाणींत डंपरांच्या मार्गाचा चढ सर्वसाधारणपणे सोळास एक, म्हणजे ६.२५ टक्के, या मर्यादेत ठेवतात. चांगल्या रस्त्यावर चाकांना होणारा रोध ३ टक्के धरल्यास एकूण रोध ९.२५ टक्के होतो. वर्धा खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात चिखल होऊन चाकांस धरते. हा रोध ८ टक्क्यांवर गेल्यास एकूण रोध १४.२५ टक्के होतो. इंजिनाची शक्ती तीच असल्याने चढावरील वेग त्याच प्रमाणात घटतो आणि १० मिनिटांची चढण सुमारे १५.४ मिनिटांची होते. फेरी २६.४ मिनिटांवर जाते व गुणक ०.८० वर उतरतो. यंत्रे तीच, चालक तेच. तरी तासाच्या १७ खेपांऐवजी सुमारे साडेतेराच होतात. यावर आणखी दोन डंपर घेणे हा एक उपाय. ग्रेडर, मुरूम व पाण्याचा निचरा यांवर खर्च करून रस्ता राखणे हा दुसरा. दुसऱ्या उपायाची तुलना न करता पहिला स्वीकारणे, ही ताफा-निवडीतील मोठी चूक होय. नवे डंपरही त्याच चिखलातून जाणार असतात.

गुणक १ असला म्हणजे काम अखंड चालते, हाही भ्रमच. सर्व डंपर ठरलेल्या अंतराने येतात असे हे सूत्र गृहीत धरते. प्रत्यक्षात एक मंद डंपर मागच्यांना अडवतो, घोळका एकदम शॉव्हेलपाशी पोहोचतो, आणि त्यानंतर काही काळ कोणीच येत नाही. शिवाय यंत्रे बिघडतात. प्रत्येक डंपर ८० टक्के वेळ सुस्थितीत असतो व बिघाड परस्परांवर अवलंबून नसतात असे मानल्यास, सहाही डंपर एकाच वेळी उपलब्ध असण्याची संभाव्यता केवळ २६ टक्के येते. सहा धावते डंपर हवेत तर ताफ्यात आठ तरी असावे लागतात. वेगवेगळ्या क्षमतेचे डंपर एकत्र असल्यास मूळ सूत्रही अपुरे पडते. बर्ट व काचेत्ता यांनी २००७ साली मिश्र ताफ्यांसाठी त्याचा विस्तार केला.

तात्पर्य, गुणक हे साध्य नव्हे, निदानाचे साधन होय. साध्य आहे ते सुरक्षितपणे वाहिलेल्या प्रत्येक टनाचा कमीत कमी खर्च. शॉव्हेल थांबल्यास तिच्यावर अवलंबून असलेला सारा ताफा थांबतो, एका डंपरची प्रतीक्षा मात्र त्याच्यापुरतीच असते. म्हणून थोडी रांग पुष्कळदा परवडते. ती किती परवडते, हे यंत्रांच्या किमतीवरून व खाणीच्या रस्त्यावरून ठरवावे लागते. याकरिता निवडीचा आरंभ यंत्रांच्या सूचीपासून न करता रस्त्याच्या मोजणीपासून, आणि तीही पावसाळ्यातील मोजणीपासून, करणे श्रेयस्कर.