सात रस्ते आणि एक विहीर

सात रस्त्यावर नवखा माणूस उभा राहिला, की कुठल्या रस्त्यानं जावं, असा त्याला प्रश्न पडतो. बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र घेतलेल्या मुलाच्या आईवडिलांची पंचाईत उलटी असते : त्यांना एकही रस्ता दिसत नाही. 'दगडधोंडे शिकून पोट भरतं का?'

मी बँकेत असताना विहिरीसाठी कर्जप्रकरणं येत. सातबारा पाहायचा, जामीनदारांच्या सह्या घ्यायच्या. पण खरा जामीनदार म्हणजे जमिनीखालचं पाणी, आणि त्याची सही कुठल्याच कागदावर नसे! आपल्या पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण आहे. अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. ते साठतं मुरमात, भेगांत, लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यात. म्हणून एकाची विहीर भरलेली आणि बांधापलीकडच्या शेजाऱ्याचं बोअर कोरडं. बोअर फसलं तरी हप्ता चुकत नाही. मशीन लावण्याआधी जो खडक वाचतो, तो एखादं घर कर्जातून वाचवतो.

हे काम करणारी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यात १९७२च्या दुष्काळाच्या सुमारास उभी राहिली. १८५१ पासूनच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची दारं लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून उघडतात. धरणाचा पाया असो, बोगदा असो की मेट्रो, आधी खडकाची परीक्षा होते. उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करणं हा आणखी एक रस्ता. सोलापूर विद्यापीठ २००४ साली झालं. तिथंही भूशास्त्र शिकता येतं.

सरकारी जागा मोजक्या, हे खरंच. संगणक शिकावा लागतो, उन्हातान्हात हिंडावं लागतं. पण या विद्येची शिदोरी कुठंही पुरते. वरचं थोडंसं पाहून आतल्या न दिसणाऱ्या गोष्टीचा अंदाज बांधायचा, तो नोंदवून ठेवायचा, आणि नवा पुरावा मिळाला की न लाजता बदलायचा. कर्ज मंजूर करणारा अधिकारी याहून वेगळं काय करतो? विमा, प्रशासन, पत्रकारिता, सगळीकडे अशी माणसं हवीच असतात.

तेव्हा पालकहो, या सुट्टीत मुलाला गावाकडच्या विहिरीच्या काठावर न्या. माती कुठं संपते, मुरूम किती फूट, पाझर कुठल्या थरातून, हे त्याला वहीत उतरवू द्या. तो त्यात रमला, तर त्याला त्या रस्त्यानं खुशाल जाऊ द्या.