साइड मिररची मोटर घरघरते, आरसा मिटत नाही? इथे धंदा आहे

गाडी लॉक केली की डावा आरसा मिटतो, उजवा नुसता घरघर करतो. अशा वेळी गिऱ्हाइकाला बऱ्याच ठिकाणी अख्खा मिररच बदलायला सांगतात. तुम्ही गाड्यांच्या कामात उतरताय ना? मग स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी कान लावा.

आवाजच नाही आणि दोन्ही आरसे बंद? आधी फ्यूज आणि स्विच तपासा. एकच बंद असेल तर दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत बघा. दार उघडून-मिटून वायर तिथेच तुटते.

घरघर येते, पण आरसा जागचा हलत नाही? त्याला कुणाचा धक्का लागला होता का, ते विचारा. लागला असेल तर हाताने हळूच 'टक' आवाज येईपर्यंत फिरवा, मग स्विच दाबा. पुष्कळदा एवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर आतल्या प्लास्टिक गिअरचे दात गेलेत. काही मॉडेल्सचा गिअर सुटा मिळतो. जुना सोबत न्या, दात मोजूनच घ्या. काच काढण्याआधी हेअर ड्रायरने शेकून घ्या, मागे हीटरच्या वायरी असतील तर ओढू नका. काच फुटली तर भुर्दंड तुमचाच! ग्रीस प्लास्टिकला चालणारंच वापरा.

आणि हो, तपासणीचे पैसे वेगळे, तेही आधी सांगून. 'टक' करायला दोनच मिनिटं लागली, म्हणून फुकट नाही. कॅमेऱ्याचा मिरर आला तर सध्या सरळ नाही म्हणा.