सातबाऱ्यावरचं नाव आणि खात्यातले दोन हजार

'हप्ता आला का?' हा प्रश्न जालना जिल्ह्यात भोकरदनपासून मंठ्यापर्यंत कुठल्याही पारावर ऐकू येतो. पण हप्ता कुणाला द्यायचा हे ठरतं कसं, हे फारसं कुणी उलगडून सांगत नाही. आज आपण तेवढंच बघू.

आधी आकडे. पीएम-किसान योजना फेब्रुवारी 2019 च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. वर्षाला 6,000 रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांसाठीच होती. त्याच वर्षी ही अट निघाली आणि सगळे जमीनधारक आत आले. 2023 मध्ये राज्याने 'नमो शेतकरी महासन्मान निधी'तून तेवढीच भर घातली. म्हणजे एकूण 12,000. महिन्याला हजार. पाच माणसांच्या घरात माणशी दिवसाला साडेसहा रुपये. रक्कम लहान आहे, पण पेरणीच्या तोंडावर बियाण्याची एखादी पिशवी तिच्यात येते. म्हणून ती कुणाला मिळते याला महत्त्व आहे.

आता चाळणी बघा. आपल्याला वाटतं, ही गरीब शेतकऱ्याची योजना, तर गरिबी मोजत असतील. तसं होत नाही. शेतीचं उत्पन्न मोजणं अवघडच: पावती नाही, पगारपत्रक नाही, एका गारपिटीत वर्ष जातं. म्हणून सरकारने 'गरजू कोण' हे न विचारता 'नको कोण' याची यादी केली. आजी-माजी आमदार-खासदार, सरकारी आणि स्थानिक संस्थांचे नोकर (चतुर्थ श्रेणी सोडून), महिना दहा हजार किंवा जास्त पेन्शन घेणारे, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आणि आदल्या वर्षी प्राप्तिकर भरलेले. हे वगळले, उरलेले सगळे पात्र. करदात्यांना गेलेले पैसे परत घेण्यासाठी नोटिसाही निघाल्या.

यात मेख कुठे आहे? शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. समजा, अंबड तालुक्यात एकाची वीस एकर मोसंबी आहे, दुसरं उत्पन्न नाही. बाग कितीही फळली तरी तो करदाता होत नाही, म्हणून चाळणीतून सहज खाली येतो. शेजारी दोन एकर कापूसवाला आहे. त्याची बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तो बाद. शिक्षिकेच्या घरात पगार आहे, तेव्हा त्याला वगळण्याबद्दल आमची तक्रार नाही. पण एकच चाळणी पगार पकडते आणि बाग सोडते, हे लक्षात ठेवा.

आता तिसरा माणूस घ्या. घनसावंगीकडचा बटाईदार. पेरतो तो, फवारतो तो, बोंडअळी आली की झोप उडते त्याची. पण सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून तो या चाळणीपर्यंत पोचतच नाही. 'लिहून घ्या की मग बटाई,' असं कुणी म्हणेल. मालक लिहून देत नाही, कारण कुळाचा हक्क लागेल ही धास्ती. मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कूळ कायदा आहे, आणि ही भीती तिथपासून चालत आलेली. त्यामुळे बटाई तोंडीच ठरते आणि कागदावर मालकच कसतो.

चौथी व्यक्ती बाई आहे. जमीन सासऱ्याच्या नावावर, नवरा गेला, शेत ती करते. योजनेच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. सासऱ्याचा हप्ता सासऱ्याच्या खात्यात जातो. ही वेगळं कुटुंब खरं, पण तिच्या नावावर जमीन नाही, म्हणून काही नाही. बरं, आज वाटणी करून नाव लावलं तर? योजनेने 1 फेब्रुवारी 2019 ही तारीख धरली आहे. त्यानंतर खरेदी किंवा वाटणीने आलेली जमीन चालत नाही. खातेदार वारल्यावर वारसाने आलेली तेवढी चालते.

दुसरी वाट आहे का? आहे. ओडिशाने 2018 च्या अखेरीस 'कालिया' योजना काढली, तिच्यात बटाईदार आणि भूमिहीन कुटुंबंही घेतली. तेलंगणाच्या 'रयतु बंधू'ने त्याच वर्षी एकराप्रमाणे पैसे दिले. तिथे मोठ्या खातेदाराला जास्त मिळाले. म्हणजे पैसे जमिनीला द्यायचे की कसणाऱ्याला, हे सरकार निवडतं. आपल्याकडे नावाला दिले जातात.

मग आपण काय करायचं? घरात खातेदार वारला असेल तर वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे लगेच द्या, फेरफार मंजूर झाला का ते बघा, मग विधवेच्या नावाने नवी नोंदणी, ई-केवायसी आणि आधार जोडलेलं बँक खातं. हे तिचं तिला जमेलच असं नाही, सोबत जा. नवरा हयात असतानाच 'लक्ष्मी मुक्ती'खाली बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागू शकतं. त्याने दुसरा हप्ता सुरू होणार नाही, पण उद्या जमिनीवरून तिला कुणी उठवू शकणार नाही.

आणि ग्रामसभेत पुढच्या वेळी 'हप्ता कधी येणार' याच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारा: आपल्या गावात शेत कसतात किती जण, आणि त्यातल्या किती जणांचं नाव सातबाऱ्यावर आहे? हा आकडा गावाला स्वतः मोजता येतो. तो हातात असेल तर बटाईदाराची बाजू मांडायला काहीतरी आधार मिळेल.