कशाच्या दुप्पट?

‘दुप्पट’ हा शब्द कानावर पडला की आपण बायका लगेच हिशेबाला बसतो. तूरडाळ दुप्पट महाग झाली म्हटलं, तर आधी काय भाव होता आणि आता काय झाला, हे आपल्याला तोंडपाठ असतं. शाळेची फी, गॅस, रिक्षाचं भाडं, सगळ्याचं तसंच. पण तोच शब्द आजाराच्या बातमीत आला की आपला हिशेब कुठे जातो कोण जाणे! ‘अमुक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना अमुक आजाराची शक्यता दुप्पट’, एवढं वाचलं की पोटात गोळा येतो. कशाच्या दुप्पट, हे विचारायचं सुचतच नाही.

मुंबईच्या उपनगरात, मुलुंडला, आमच्या महिला मंडळात दुपारी इंग्रजीचा वर्ग चालतो. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. पण आमच्या वर्गातल्या बहुतेकजणी त्याआधीच्या, इंग्रजीशी पहिली गाठ पाचवीत पडलेल्या. आता मुलांच्या शाळेतली सूचना इंग्रजीत, औषधाच्या खोक्यातला कागद इंग्रजीत, विम्याचं पत्र इंग्रजीत, फोनवर येणारे निरोपही निम्मे इंग्रजीत. ‘शब्द कळतात हो ताई, पण वाक्याचा अर्थ लागत नाही,’ ही सगळ्यांची तक्रार.

एकदा एकीने तिच्या धाकट्या जावेच्या फोनवर आलेला निरोप वर्गात आणला. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांच्या पायात रक्ताची गुठळी होण्याबद्दलचा तो निरोप होता आणि त्यात ‘ट्वाइस ऐज लाइकली’ असे शब्द होते. जावेचं बाळ जेमतेम वर्षाचं. निरोप वाचून तिने त्याच रात्री गोळ्या बंद केल्या होत्या. ना डॉक्टरांना विचारलं, ना घरात कोणाला सांगितलं. ‘लाइकली म्हणजे होणारच ना?’ असा तिचा समज. मग आम्ही त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला आणि हे एकच वाक्य फळ्यावर घेतलं.

‘लाइकली’साठी मराठीत बोलताना आपण सहसा विशेषण वापरत नाही. आपण ‘शक्यता’, ‘संभव’ असं नाम वापरतो, बोलताना सरळ ‘चान्स’ म्हणतो. आणि गोष्ट वाईट असली तर आपण ‘धोका’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत तसं नाही. पाऊस पडणं, मुलगा पास होणं, ताप येणं, सगळ्याला ‘लाइकली’ चालतं. म्हणजे तो शब्द स्वतः घाबरवत नाही, त्याचा ‘धोका’ आपण करतो. ‘ट्वाइस ऐज लाइकली’चा अर्थ एवढाच, की दुसऱ्या कोणाच्या तरी शक्यतेच्या दुप्पट शक्यता. ते ‘दुसरं कोण’ वाक्यात पुढे येतं, आणि निरोप पुढे पाठवताना नेमकं तेच गळतं.

हाच प्रकार एका अख्ख्या देशात घडून गेला आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना कळवलं, की नव्या प्रकारच्या काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे गुठळीचा धोका जुन्या गोळ्यांच्या दुप्पट होतो. बातमी सगळीकडे झाली आणि घाबरून कित्येक स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. खरा आकडा काय होता? जुन्या गोळ्यांवर साधारण सात हजार स्त्रियांत एक, नव्यांवर सात हजारांत दोन. दुप्पट हे खरंच, पण वाढली ती सात हजारांत एकच. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ हजार गर्भपात जास्त झाले. आणि गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो! ज्याला भ्यायल्या, त्याच्याच जास्त जवळ गेल्या.

याचा अर्थ गोळ्या डोळे मिटून घ्याव्यात असा नाही. जिला आधी गुठळी झाली आहे, जिला रक्तदाब आहे, तिचा हिशेब वेगळा. तो डॉक्टरांसमोर बसूनच करायचा. त्या जावेनेही पुढे तेच केलं.

पन्नास टक्के म्हणजे निम्म्याजणी नव्हेत

इंग्रजीला ‘दीडपट’ म्हणायला बरेच शब्द लागतात. आपल्याकडे सव्वापट, दीडपट, पावणेदोनपट, अडीचपट अशी छान मापं आयती आहेत. तरी फसगत होते ती टक्क्यांपाशी. ‘फिफ्टी पर्सेंट मोअर लाइकली’ असं आलं, की आमच्या वर्गात निम्म्याजणींनी अर्थ केला, ‘शंभरातल्या पन्नासजणींना होणार’. अर्थ तसा नाही. समजा, एरवी शंभरात दोघींना तो त्रास होतो. त्याच्या पन्नास टक्के जास्त म्हणजे आणखी एक. शंभरात तिघी. आपल्या भाषेत दीडपट. ‘हंड्रेड पर्सेंट मोअर’ म्हणजेही ‘शंभर टक्के होणारच’ नव्हे, फक्त दुप्पट. ‘हाफ ऐज लाइकली’ म्हणजे निम्मी शक्यता, दोघींऐवजी एक.

आणखी एक गंमत आहे. ‘थ्री टाइम्स ऐज लाइकली’ म्हणजे तिप्पट, यात वाद नाही. पण ‘थ्री टाइम्स मोअर लाइकली’? ‘मोअर’चा शब्दशः अर्थ धरला तर मूळ एक आणि वर तीन, म्हणजे चौपट. प्रत्यक्षात लिहिणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा तिप्पटच असतं. आपल्याकडे ‘तिपटीने वाढ’ म्हणतानाही हाच घोळ होतो. म्हणून अशा ठिकाणी शब्दावर अडून बसू नये, मूळ आकडा शोधावा.

जितकं–तितकं की जसजसं–तसतसं?

इंग्रजीची दुसरी लकब म्हणजे ‘द मोअर... द मोअर लाइकली’. वर्गात पहिला प्रश्न हमखास येतो, ‘इथे हा ‘द’ कशाला?’ हा नेहमीचा ‘द’ नव्हेच. जुन्या इंग्रजीत ‘तेवढ्याने’ अशा अर्थाचं एक रूप होतं, ते झिजून असं उरलं. म्हणजे मुळात ते आपल्या ‘जेवढं–तेवढं’चंच भावंडं. जितका गूळ घालाल तितकं गोड, जितक्या व्यक्ती तितक्या प्रकृती, ही आपली नेहमीची बोली. म्हणून आम्ही सगळ्याजणी ‘द मोअर’चं भाषांतर ‘जितकं–तितकं’ असंच करत होतो.

पण इथे जरा थांबायला हवं. आपल्या ‘जितकं–तितकं’मध्ये मापाचा वास आहे. जितकी पानं तितक्या वाट्या म्हटलं, की एकाला एक. इंग्रजी वाक्य मात्र बऱ्याचदा फक्त दिशा सांगतं, वेग सांगत नाही. त्यासाठी आपल्याकडे दुसरी जोडी आहे : ‘जसजसं–तसतसं’. जसजसं ऊन चढतं तसतशी सावली आखडते. किती ते सांगत नाही, कुठल्या बाजूला ते सांगतं.

उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचंच घेऊ. ‘आईचं वय जास्त, तर बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता जास्त’ हे वाक्य लग्न उशिरा झालेल्या मुलींना फार ऐकवलं जातं. पंचविशीत ही शक्यता साधारण साडेबाराशे बाळांत एक असते. चाळिशीत साधारण शंभरात एक. वय दुप्पटही झालं नाही आणि शक्यता बारापटीच्या वर गेली. म्हणजे ‘जितकं–तितकं’ इथे लागूच पडत नाही. चढ आधी हळूहळू असतो, पस्तिशीनंतर तो उभा होतो. पण हेही बघा, की चाळिशीतल्या शंभर आयांपैकी नव्व्याण्णव जणींच्या बाळाला तो नसतो. पस्तिशीतल्या सुनेला तपासणी करून घे म्हणणं वेगळं आणि उठता-बसता घाबरवणं वेगळं.

लहान आकडाही मोठा असतो

आकडा लहान दिसला की दुर्लक्ष करायचं, असंही नाही. आपल्या मुंबईतलंच एक काम सांगते. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतल्या ३५ ते ६४ वर्षांच्या दीड लाख स्त्रियांमध्ये एक अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाची साधी तपासणी झाली. व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल पातळ करून लावायचं आणि काही मिनिटांनी पांढरा डाग उमटतो का ते बघायचं. हे करणाऱ्या कार्यकर्त्या म्हणजे दहावीपर्यंत शिकलेल्या बायका, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या. २०१४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला : तपासणी झालेल्या वस्त्यांत या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी.

आता आपला प्रश्न विचारू. कशाच्या ३१ टक्के? वर्षाला लाख स्त्रियांमागे सोळा मृत्यू होत होते, ते अकरा झाले. लाखात पाच! ‘एवढ्यासाठी कोण रांगेत उभं राहणार?’ असं एकीने वर्गात म्हटलंच. पण ही तपासणी देशभर पोचली तर वर्षाला सुमारे २२ हजार मृत्यू टळतील, असा अभ्यास करणाऱ्यांचा अंदाज होता. शिवाय गोळी सोडण्याची किंमत मोठी होती, तपासणीची किंमत म्हणजे दहा मिनिटं आणि थोडा संकोच. टक्का आणि मूळ आकडा शेजारी मांडले, की काय करायचं ते आपल्यालाच ठरवता येतं.

मैत्रिणींनो, यासाठी इंग्रजीत एम.ए. व्हावं लागत नाही. ‘मोअर लाइकली’ दिसलं की वहीत तीन प्रश्न लिहायचे. कोणापेक्षा? कशाच्या किती पट? आणि शंभरात, हजारात की लाखात किती जणी? वाक्यात उत्तरं नसतील, तर ते वाक्य अर्धवट आहे असं समजायचं आणि डॉक्टरांना, आरोग्यसेविकेला, विम्याच्या एजंटालाही न लाजता विचारायचं. भाजीवाला नुसतं ‘दुप्पट’ म्हणाला तर आपण पिशवी उघडत नाही. मग औषधाच्या बाबतीत मूळ भाव विचारायला संकोच कसला?