बैलजोडी ते तुतारी

1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपत्रिकेवर उमेदवारांची नावंच नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्हाचा कागद चिकटवलेला. मत टाकायचं ते चिन्ह बघून. देशात साक्षर जेमतेम अठरा टक्के. म्हणून पोस्टरला काम एकच होतं: काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, जनसंघाची पणती, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती लोकांच्या डोळ्यांत भरवायचा. 1962 पासून एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत आली, तरी हे काम सुटलं नाही. काँग्रेस फुटली, बैलजोडी गोठवली गेली. 1971 साली ‘गरिबी हटाओ’च्या जोडीला इंदिरा गांधींचं गाय-वासरू आलं. विरोधकांनी त्यात आई आणि मुलगा पाहिले आणि टिंगल केली. 1978 मध्ये पुन्हा फूट, आणि हात. दहा वर्षांच्या आत एकाच बाईंच्या मतदारांना तीन चिन्हं शिकवायची, हे भिंतींनी केलं.

त्या भिंती गेरूनं आणि चुन्यानं रंगायच्या. पोस्टरं चिकटवायला खळीची बादली आणि रात्रीची वेळ. आपल्या घराचा पाठिंबा कोणाला, हे घरमालकाला सकाळी कळायचं! पेंटरला चेहरा काढणं अवघड, चिन्ह सोपं. साहजिकच भिंतीवर चिन्ह मोठं असे.

मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून टी. एन. शेषन आले आणि आचारसंहितेला दात आले. 1995 मध्ये महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदाही झाला. भिंती स्वच्छ झाल्या, हे खरंच. पण गरीब पक्षाचं सर्वांत स्वस्त साधनही त्यात गेलं, याबद्दल फारसं कोणी बोललं नाही.

मग फ्लेक्स आला आणि चेहरा छापणं फुकटासारखं झालं. वर दिल्लीचे नेते, मध्ये ‘भावी आमदार’, खाली तीस-चाळीस शुभेच्छुक, बहुतेक गॉगल लावलेले. चिन्ह कोपऱ्यात गेलं. हा फ्लेक्स मतदारासाठी नसतोच. तिकीट देणाऱ्याला दिसावा म्हणून लावतात. उच्च न्यायालयानं बेकायदा फलकांवरून महापालिकांना कितीदा तरी फटकारलं, चौक तसेच राहिले.

2022 पासून शिवसेना आणि राष्ट्रवादी हे दोन पक्ष फुटले आणि चिन्हाची किंमत पुन्हा कळली. उद्धव ठाकरे मशाल घेऊन निघाले. मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अजित पवार गटाला बजावलं, घड्याळ हे चिन्ह असलेल्या प्रत्येक जाहिरातीत ते कोणाचं हे न्यायप्रविष्ट असल्याचं लिहा. शरद पवारांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ मिळाला, पण अपक्षांच्या यादीतही एक ‘तुतारी’ होती, जिला लोक पिपाणी म्हणाले. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यात शरद पवारांचे उमेदवार शशिकांत शिंदे जवळपास 33 हजार मतांनी पडले. त्या दुसऱ्या तुतारीला 37 हजारांवर मतं पडली होती.