बंद मूठ, उघडा हिशेब

रविवारची पहिली मिस्सा आटोपली म्हणजे सॅक्रिस्टीतील लांब मेजावर दानाच्या थैल्या रित्या होत आणि नाण्यांच्या चवडी रचण्याचे काम आम्हा वेदीसेवक मुलांकडे येई. कोळीवाड्यातून आलेल्या नोटेला मासळीचा वास असे, वाडीतून आलेली नोट घामाने वा ओल्या मातीने मऊ पडलेली असे. आणि हिशेबाला बसलेले वयोवृद्ध निवृत्त शिक्षक ती प्रत्येक नोट तळहाताने सरळ करून मगच वहीत रक्कम मांडीत, जणू देणाऱ्याचा हातच ते हातात घेत आहेत. १९६०च्या दशकाच्या मध्याची ही वसईतील आठवण. त्या मेजाच्या एका ना दुसऱ्या बाजूला माझे आयुष्य गेले; आणि एवढ्या वर्षांचा मागोवा घेताना एकच गोष्ट मला निःसंशय वाटते, ती ही की जेथे माणसाला देऊळ आपले वाटते, तेथे हात आधी पुढे येतो आणि पैसा त्याच्या पाठोपाठ येतो; हा क्रम उलटा करू गेल्यास दोन्ही हातचे जातात.

या आपलेपणाची मुळे वसईत फार खोल आहेत. १५३४ साली हा प्रांत पोर्तुगीजांकडे गेल्यावर जी ख्रिस्तमंदिरे उभी राहिली, त्यांना राजाश्रय होता, आणि धर्मगुरूंच्या निर्वाहाची तरतूद सरकारी खजिन्यातून होत असे. परंतु मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, युरोपीय मिशनरी निघून गेले, आणि स्थानिक व गोव्याकडील मूठभर धर्मगुरूंच्या आधाराने हा समाज आपल्या श्रद्धेसह मागे राहिला. खजिना गेला, सनदा गेल्या, तरी सायंकाळची प्रार्थना घराघरांतून चालूच राहिली. दिवाबत्तीपासून छपरापर्यंतचा भार यापुढे प्रामुख्याने कुणाच्या खांद्यावर आला असेल, हे सांगण्यास दफ्तर चाळण्याची गरज नाही.

या परंपरेतील ज्या एका कृतीपुढे मी नेहमी थांबतो ती १९१८ सालची. मॉन्सिन्यर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी त्या वर्षी जी पतसंस्था उभी केली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. कर्जाने गांजलेल्या माणसाला केवळ भिक्षा घालून भागत नाही, त्याची पत राखावी लागते, हे ओळखून शेजाऱ्यांच्या लहान लहान ठेवींतून शेजाऱ्याच्या गरजेची सोय करणे, याला मी दानधर्माचेच प्रगल्भ रूप समजतो.

माझ्या बालपणी पैसा थोडा होता आणि वेळ मुबलक होता. सणाआधीच्या शनिवारी बायका अंगण झाडीत, पुरुष मांडव घालीत, आणि ऑक्टोबरातील मिशन रविवारी देवळासमोर लिलाव होई. केळीचा लोंगर, पानांची चवड, पाय बांधलेला कोंबडा, जे ज्याच्या घरी पिकले ते तो आणी. बोली लावून कोंबडा जिंकणारा माणूस तो तिथल्या तिथे परत देई आणि तोच कोंबडा पुन्हा लिलावात निघे. एकाच पक्ष्याने मिशनच्या निधीत तीनदा भर घातलेली मी पाहिली आहे. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे लॅटिनच्या जागी मराठी आली, आणि प्रापंचिक माणूस वेदीजवळ उभा राहून शास्त्रपाठ वाचू लागला. ज्या भाषेत आपण शेतावर बोलतो त्याच भाषेत देवाशी बोलता येते, या अनुभवाने लोकांना देवळाच्या कामात जितके ओढले, तितके कोणत्याही आवाहनाने ओढले नसते.

तारुण्यात मी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत गेलो. फ्रेडरिक ओझानाम या अवघ्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १८३३ साली पॅरिसमध्ये आपल्या सोबत्यांसह सुरू केलेले हे कार्य आजही त्याच रीतीने चालते: सभासदांनी दोघादोघांनी मिळून गरजवंताच्या घरी जायचे, त्याच्या ओट्यावर बसायचे, त्याचे ऐकून घ्यायचे, आणि मग मदतीचे ठरवायचे. सभेच्या शेवटी एक कापडी थैली हातोहात फिरते. प्रत्येकाने मूठ मिटून आत घालायची आणि हात बाहेर काढायचा. कुणी किती टाकले, किंबहुना टाकले की नाही, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. ज्याच्या खिशात त्या दिवशी काहीच नसे, त्याची मूठही इतरांच्या मुठीइतक्याच सन्मानाने आत जाई. दात्याची प्रतिष्ठा व दरिद्र्याची लाज या दोहोंना एकाच कापडाखाली झाकणारी याहून सुंदर रीत माझ्या पाहण्यात नाही.

नंतरची दशके झपाट्याने बदलली. वाड्या विकल्या गेल्या, इमारती आल्या, मुले विरार लोकलने पहाटे जाऊन रात्री परतू लागली, कित्येक आखातात गेली; आणि २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तोवर दानाची रक्कम कितीतरी वाढलेली, पण झाडू धरणारे हात विरळ झालेले होते. पाकिटात नोट घालून मोकळे होणे सोपे असते. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला वर्षभर न चुकता उभे राहणे सोपे नसते. नवे देवालय बांधताना देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरण्याचा जो प्रघात ठिकठिकाणी पडला, तो मला कधीही रुचला नाही. त्या थैलीत मूठ घातलेल्या माणसाला तो रुचणारही नाही.

मात्र देणारा झाकलेला असावा, म्हणून हिशेबही झाकलेला असावा असे मुळीच नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०चा आहे, त्यान्वये ताळेबंद धर्मादाय आयुक्तांकडे जातो. १९८३च्या धर्मसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती आवश्यक ठरवली, आणि भाविकांनी दिलेल्याचा हिशेब भाविकांना द्यावा असेही सांगितले. माझ्या परिचयाच्या एका धर्मग्रामात दोन वर्षे हा जमाखर्च मिस्सेनंतर वाचलाच गेला नाही. कुणी पैसा खाल्ला नव्हता. नुसता आळस झाला होता. परंतु तेवढ्याने थैल्या हलक्या झाल्या, आणि सभेला येणारे येईनासे झाले. तिसऱ्या वर्षी छपराच्या कौलांपासून घंटेच्या दोरापर्यंत प्रत्येक बाब मोठ्याने वाचली गेली, तेव्हा लोक हळूहळू परतले. आधी आले ते दुरुस्तीला हात लावणारे. दानातील वाढ पुढल्या वर्षीच्या वहीत दिसली.

२०२०च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे देवळांची दारे बंद झाली, थैली फिरेनाशी झाली. जी मुले देवळात फिरकत नाहीत अशी आमची तक्रार होती, त्यांनीच भ्रमणध्वनीवर याद्या केल्या, कुणाच्या घरी चूल पेटत नाही याचा शोध घेतला, आणि जातधर्म न विचारता शिधा दारोदार पोहोचवला. १६ नोव्हेंबर रोजी, पाडव्याच्या दिवशी, प्रार्थनास्थळे उघडली. त्यानंतरच्या एका रविवारी त्या मुलांपैकी एकाने शाळकरी वही उघडून सगळा हिशेब वाचला: इतके किलो डाळ, इतके लिटर तेल, टेम्पोचे भाडे. मध्येच तो क्षणभर थांबला, आणि मग त्याने वाचले, तांदूळ एक पोते, देणाऱ्याचे नाव नाही.